नगरचा भुईकोट : तट, खंदक आणि तटामागची माणसे

महाराष्ट्रात किल्ला म्हटला की डोळ्यांपुढे डोंगर येतो. रायगड, राजगड, प्रतापगड, हरिश्चंद्रगड या सर्वांचे निम्मे बळ सह्याद्रीच्या कड्यांनीच दिलेले आहे. बांधणाऱ्याने कडा जिथे तुटतो तिथे तट घातला आणि वाट जिथे चढते तिथे दरवाजा उभारला, की काम बरेचसे झाले. अहमदनगरचा किल्ला मात्र सपाट जमिनीवर आहे. त्याच्या पायाशी कडा नाही, पाठीशी रान नाही. सीना नदीच्या काठच्या उघड्या मैदानात तो बसला आहे आणि दुरून पाहणाऱ्याच्या नजरेत तो नीट भरतही नाही. तरीही १५९६ मध्ये अकबराच्या फौजेला या तटाआतल्या मुक्कामाला दाद देऊन तहावर परतावे लागले, आणि १९४२ मध्ये इंग्रज सरकारला काँग्रेस कार्यकारिणीला ठेवण्यासाठी याहून खात्रीची जागा सुचली नाही.

जागेची निवड एका लढाईने झाली. मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा तिमाप्पा, असे फिरिश्ता लिहितो. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती सापडला आणि पुढे बिदरच्या दरबारात वजिरीपर्यंत चढला. बापाचा खून झाल्यावर अहमदने बहमनी सत्तेशी संबंध तोडला. त्याच्यावर चालून आलेल्या जहांगीर खानाच्या फौजेचा त्याने १४९० च्या मे महिन्यात भिंगारजवळ पहाटेच्या छाप्यात फडशा पाडला. ज्या जागी विजय मिळाला तिथे त्याने एक बाग लावली, तिला ‘बाग निजाम’ म्हणू लागले, आणि बागेभोवती मातीचा कोट उभा राहिला. आजच्या किल्ल्याचे बीज ते. १४९४ मध्ये त्याने या बागेसमोर, सीनेच्या काठी, आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. जागा सोयीची होती. अहमदला दौलताबाद हवे होते, आणि हे ठिकाण जुन्नर व दौलताबाद यांच्या साधारण मध्यावर पडत होते. दौलताबाद त्याला १४९९ मध्ये मिळाले. राजधानी मात्र नगरच राहिली.

मातीच्या कोटाने दोन पिढ्या काम भागले. तोवर दख्खनमध्ये तोफेचे युग आले होते, आणि त्या युगात नगर मागे नव्हते. विजापूरच्या बुरुजावर आज ठेवलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ १५४९ मध्ये नगरातच ओतली गेली. बुऱ्हाण निजामशाहासाठी ती ओतणारा कारागीर महंमद बिन हुसेन रूमी होता. ज्या शहरात अशा तोफा ओतल्या जातात, त्या शहराच्या राजाला उंच, पातळ आणि उघड्या तटाचे काय होईल हे कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

तरी मातीच्या जागी दगड येण्यास निमित्त शत्रूचेच झाले. विजापूरचा अली आदिलशाह, विजयनगरचा रामराय आणि गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह यांच्या एकत्र फौजांनी नगरचा मुलूख तुडवला. हुसेन निजामशाहाने १५५९ च्या सुमारास जुन्या कोटाच्या जागी दगडी कोट बांधायला घेतला व सुमारे तीन वर्षांत तो पुरा केला. आजही उभा असलेला किल्ला मुख्यतः हा हुसेनचा.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण ती नजरेला दिपवणारी नाही. किल्ला वर्तुळाच्या जवळपास जाणारा आहे, घेर सुमारे पावणेदोन किलोमीटरचा. चौकोनी कोटाला चार कोपरे असतात, आणि प्रत्येक कोपऱ्यावर तोफांचा मारा दोन बाजूंनी एकवटता येतो. गोल तटाला असा नाजूक कोपरा नसतो. त्यातून ठरावीक अंतरावर गोल बुरूज बाहेर काढलेले. त्यामुळे तटाच्या कोणत्याही भागाशी शत्रू येऊन भिडला तरी दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून त्याच्यावर मारा करता येई. सभोवती पाण्याचा खंदक, त्याच्या दोन्ही बाजू दगडाने बांधलेल्या.

१८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ल्याची जी टिपणे करून ठेवली, ती आज फार उपयोगी पडतात. हल्ला करण्यापूर्वी लिहिलेले वर्णन स्तुतीसाठी नसते. त्यात फक्त अडचणी मोजलेल्या असतात. त्या वर्णनात २४ बुरूज आहेत, एक मोठा दरवाजा आहे आणि तीन लहान चोरदरवाजे आहेत. तट घडीव काळ्या दगडाचा, वरचा कठडा विटा-चुन्याचा. खंदकात ९ फूट पाणी आणि काठाने सर्वत्र वाढलेली उंच लव्हाळी. तट आणि खंदक यांच्यामध्ये जेमतेम एक यार्ड रुंदीची पट्टी, म्हणजे खंदक ओलांडून आलेल्या माणसाला शिडी टेकवायलासुद्धा पुरेशी जागा नाही. आणि सर्वांत महत्त्वाची नोंद अशी की खंदकाच्या बाहेर मातीचा उतरता बांध होता, आणि त्या बांधाच्या माथ्यावरून पाहिले तर तट आणि कठडा मिळून एका लष्करी तंबूच्या खांबाएवढेच उंच दिसत.

पन्हाळ्याचा किंवा दौलताबादचा तट पाहिलेल्या माणसाला हे ऐकून निराशा वाटेल. पण खुबी तिथेच आहे. तट बुटका नव्हता, त्याचा बराचसा भाग खंदकाच्या पोटात आणि बाहेरच्या बांधाच्या आड दडलेला होता. दूरच्या तोफेला मारायला फक्त वरची कडा मिळे. खाली लागावा म्हणून टाकलेला गोळा आधी मातीच्या उतारात रुतून बसे. डोंगरी किल्ला उंचीने वाचतो. हा किल्ला जमिनीत दबून बसून वाचत होता.

मुख्य दरवाजा पश्चिमेस, पेठेच्या दिशेला. त्याच्यापुढे अर्धवर्तुळाकार आडोसा. खंदकावर लाकडी पूल होता, तो युद्धकाळी काढून घेता येई. या पुलाबद्दल त्याच वर्णनात एक चमत्कारिक माहिती आहे: पुलाएवढे मोठे लोखंडी पात्र त्यावर ठेवून त्यात कोळसा भरायचा आणि शत्रू जवळ आला की तो पेटवून द्यायचा, अशी व्यवस्था असल्याचे इंग्रजांच्या कानावर आले होते. ऐकीव गोष्ट ती, पण ऐकवणाऱ्याने परिणाम नेमका साधला असणार.

आतली सोयही वेढ्याचा हिशेब धरून केलेली. गंगा, यमुना, मछलीबाई आणि शक्करबाई अशा नावांच्या विहिरी आत आहेत. शिवाय उत्तरेकडच्या टेकड्यांतून जमिनीखालचे खापरी नळ शहरात येत, पेठेला पाणी देऊन ते खंदकाखालून किल्ल्यात शिरत, आणि उरलेले पाणी खंदकात पडे. शहराला पाणी पाजणारी आणि किल्ल्याचे रक्षण करणारी अशी ही एकच व्यवस्था होती. निजामशाहीच्या स्थपतींचे खरे कौतुक करायचे तर घुमटांआधी या नळांचे करावे.

दोन उणिवा मात्र राहिल्या. पेठ किल्ल्याच्या बाहेर, गोळीच्या टप्प्यावर होती. तिला स्वतःची वेगळी भिंत होती, पण ती भिंत म्हणजे किल्ला नव्हे. आणि पूर्वेला भिंगारजवळ जमीन थोडी उंचावत होती. तिथून तोफेचा गोळा किल्ल्यापर्यंत पोचू शकत होता. सपाटीवरच्या किल्ल्याला आजूबाजूचा एवढासा उंचवटाही महागात पडतो.

हुसेनचे तालीकोटला जाणे, १५६५ च्या जानेवारीत रामरायाचा पाडाव होणे आणि त्याच वर्षी हुसेनचे मरणे हा इतिहास परिचित आहे. या कोटाच्या कथेत त्यातला एकच धागा महत्त्वाचा. तालीकोटपूर्वी सुलतानांची जी एकी झाली, तिचा एक भाग सोयरीक हा होता. ज्या अली आदिलशाहाच्या भीतीने हुसेनने तट बांधला, त्यालाच त्याने आपली मुलगी दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. ती मुलगी चांदबीबी. नवऱ्याच्या खुनानंतर तिने काही काळ विजापूरचा कारभार पाहिला, आणि पुढे ती माहेरी नगरला परतली.

१५९५ मध्ये निजामशाही जवळपास विस्कटली होती. बुऱ्हाण निजामशाह दुसरा वारला, त्याचा मुलगा इब्राहिम विजापूरकरांशी लढताना पडला, आणि दरबारात दख्खनी व हबशी सरदारांच्या गटांनी आपापले वारस उभे केले. त्यांपैकी मिया मंजूने आपला पक्ष दुबळा पडतो असे पाहून गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीला बोलावले. मुराद निघाला, आणि तेवढ्यात मंजूचे आपल्या विरोधकांशी जमले. आमंत्रण मागे घ्यायला उशीर झाला होता. किल्ला चांदबीबीच्या भरवशावर सोडून मंजू निघून गेला. शेजारच्या भांडणात सावकाराला बोलवावे आणि त्याने घरच ताब्यात घ्यायला यावे, तसा हा प्रकार.

डिसेंबरात मोगल फौज नगरपुढे आली. मुरादने हश्त बिहिश्त बागेत तळ दिला. शहरातल्या लोकांना अभय जाहीर झाले होते, तरी शाहबाज खानाच्या माणसांनी शहर लुटले आणि लोकांचा विश्वास उडाला. मोगल छावणीतही सारे आलबेल नव्हते. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांचे एकमेकांशी पटत नव्हते. पण फौज मोठी होती. तोफांनी हा तट सहज पडणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी जमिनीखालून वाट काढली. तटाखाली सुरुंग पोखरून त्यांत दारू भरण्यात आली.

मोगल छावणीतल्याच एका माणसाने, ख्वाजा महंमद खान शिराझीने, ही बातमी आत पोचवली. आतल्यांनी उलट खणायला सुरुवात केली. दोन सुरुंग सापडले, त्यांतली दारू काढून घेतली. तिसऱ्याचे काम चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली आणि तटाचा मोठा भाग हवेत उडाला. खणणारे अनेक जण तिथेच गाडले गेले.

पुढचे काही तास या किल्ल्याच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे. मुरादला बाकीचे सुरुंग उडण्याची वाट पाहायची होती, कारण ते रिकामे झाले आहेत हे त्याला माहीत नव्हते. त्याने हल्ला थांबवून धरला. इकडे खिंडार पाहून काही सरदार पळण्याच्या बेतात असताना चिलखत घातलेली, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेतलेली चांदबीबी खिंडाराशी येऊन उभी राहिली. पळू पाहणारे लाजेने म्हणा वा धीराने म्हणा, परतले. दुपारी मोगलांनी चाल केली, रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा केली, आणि प्रत्येक वेळी ते मागे लोटले गेले. अंधार पडल्यावर चांदबीबीने मशालींच्या उजेडात खिंडार भरायला लावले. सकाळ झाली तेव्हा तिथे पुन्हा भिंत उभी होती. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर तोफांतून उडवले, ही कथा लोकांनी मागाहून जोडली. तिची गरज नव्हती. एका रात्रीत बांधलेली भिंत पुरेशी आहे.

विजापूरची कुमक सुहेल खानाच्या हाताखाली निघाली होती, छावणीत धान्याची टंचाई होती. १५९६ च्या आरंभी तह झाला, वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले आणि वेढा उठला. बापाने शत्रूसाठी बांधलेला तट मुलीने राखला.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या वेळी शाहजादा दानियाल होता आणि मागे बुऱ्हाणपूरपर्यंत खुद्द अकबर आला होता. तट तोच, खंदक तोच. आतले चित्र मात्र बदलले होते. चांदबीबीने परिस्थिती ओळखून सल्ला दिला की किल्ला देऊन बाल बहादूरशाहासह जुन्नरला निघून जावे. हा विचार तिने हमीद खानाजवळ बोलून दाखवला. त्याने रस्त्यावर येऊन ओरड केली की राणी मोगलांना सामील आहे. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६०० च्या ऑगस्टात, मोगलांनी सुरुंग उडवले, तट पुन्हा फुटला आणि या खेपेस खिंडार बुजवायला कोणी उभे राहिले नाही. बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला.

सुरुंगाने तट दोन्ही वेळा फुटला होता, हे इथे विसरता कामा नये. या किल्ल्याच्या पडण्याची कारणे शोधताना लोक खंदकाची खोली आणि तटाची रुंदी मोजत राहतात. १५९६ आणि १६०० यांतला फरक त्या मोजमापांत सापडत नाही.

पुढचे शतक भरभर उलटता येईल. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास नगर परत घेतले, पुढे ते पुन्हा मोगलांकडे गेले. १६२४ मध्ये जवळच भातवडीला अंबरने मोगल व विजापूरकरांच्या जोडफौजेचा दणदणीत पराभव केला; शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. त्या विजयाच्या भरातही अंबरला नगरचा किल्ला घेता आला नाही. १६३६ मध्ये निजामशाही संपली. १७०७ मध्ये, मराठ्यांचा पाठलाग करून थकलेला औरंगजेब याच किल्ल्याच्या आसमंतात, भिंगारच्या छावणीत वारला.

१७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, आणि तो एकही तोफ न डागता. निजामाचा किल्लेदार कवीजंग याला पैसा व जहागीर देऊन नानासाहेबांच्या कारभाऱ्यांनी किल्ला हाती घेतला. त्याचाच परिणाम म्हणून निजामाशी युद्ध जुंपले आणि १७६० च्या आरंभी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. उदगीरचे यश घेऊनच भाऊ उत्तरेला गेले. पानिपताकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक टप्पा असा नगरच्या दरवाजातून जातो.

१७९७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने किल्ला दौलतराव शिंद्यांना दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस शिंद्यांनी नाना फडणिसांना दग्याने पकडले आणि याच किल्ल्यात आणून ठेवले. ज्यांच्या शब्दावर पंचवीस वर्षे मराठी राज्य हलले, ते नाना कित्येक महिने या गोल तटाच्या आत होते. बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी बांधलेल्या भिंती आतल्याला बाहेर न जाऊ देण्यासाठीही तितक्याच चांगल्या आहेत, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या तेव्हाच ध्यानात आली असावी.

१८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, नगरपुढे आला. ८ तारखेला त्याने शिड्या लावून पेठ घेतली, तीही इतक्या झटपट, की इंग्रजांबरोबर असलेल्या एका मराठा सरदाराने, हे लोक सकाळी आले, भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले आणि न्याहारीला परत आले, अशा आशयाचे पत्र लिहिले. पेठ पडली आणि रचनेतली पहिली उणीव उघडी झाली. मग वेलस्लीने जवळ तोफांचा मोर्चा बांधला. मारा कोठून करावा हे त्याला भिंगारच्या एका देशमुखाने पैसे घेऊन दाखवले, असे सांगतात. १० तारखेला तोफा सुरू झाल्या आणि १२ तारखेला किल्लेदाराने किल्ला दिला. सुमारे १,४०० माणसे आपापले सामान घेऊन दरवाजातून बाहेर पडली. वेलस्लीने स्वतः हा किल्ला आपण पाहिलेल्या सपाटीवरच्या किल्ल्यांत अत्यंत बळकट गणला होता. तो त्याला चार दिवसांत मिळाला.

किल्ला काही काळ पेशव्यांना परत मिळाला आणि १८१७ च्या पुणे तहाने कायमचा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर त्याला वेढा असा कधी पडला नाही. तोफा सुधारल्या, युद्धे दूर गेली, आणि किल्ला छावणीचा व कैदखान्याचा झाला.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. खास आगगाडीने नेत्यांना नेण्यात आले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान महालात ठेवले आणि काँग्रेस कार्यकारिणीला नगरला. बारा जण होते: मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. देशभर ‘चले जाव’चा आगडोंब उसळला असताना ज्यांच्या नावाने तो उसळला त्यांना त्याची वार्ता नव्हती.

मग ते लिहू लागले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे इथलीच, ती मित्राला उद्देशून लिहिलेली आणि टपालात कधीच न पडलेली. पट्टाभींनी टिपणे लिहिली, महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला, नरेंद्र देवांनी बौद्ध ग्रंथांवर काम केले. एवढी पुस्तके एकाच बराकीतून एकाच वेळी निघाल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात तरी सहज सापडणार नाही. त्याची किंमतही होती. १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारली. तिच्या आजाराच्या तारा या दरवाजातून आत आल्या, आझाद बाहेर गेले नाहीत. सरकारकडे सवलत मागणे त्यांना मान्य नव्हते.

नेहरूंना बागकामाची आवड. बराकीपुढच्या खडकाळ अंगणात ते उन्हातान्हात खणत आणि फुलझाडे लावत. खणताना जुन्या भिंतींचे भाग आणि घुमटांचे माथे जमिनीखाली लागले, एका भिंतीवर कोरलेले कमळही दिसले. पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी हे सांगितले आहे, आणि तिथेच, अकबराच्या फौजेशी तलवार घेऊन लढलेल्या व शेवटी आपल्याच माणसांकडून मारल्या गेलेल्या चांदबीबीची आठवण काढली आहे. फार खोल खणायला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. हत्यार घेऊन जमिनीत खोल जाणारा कैदी कोणत्याही किल्लेदाराला आवडत नाही; या किल्ल्याच्या बाबतीत तर त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा दाखलाही होता.

२८ मार्च १९४५ रोजी नेहरू, पंत आणि नरेंद्र देव यांना नगरहून उत्तरेकडच्या तुरुंगात हलवले, इतरांनाही आपापल्या प्रांतांकडे पाठवण्यात आले. नेहरूंचे पुस्तक १९४६ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. अर्पणपत्रिकेत नगरच्या किल्ल्यातल्या सहबंदींचा उल्लेख आहे आणि पुढे दोन तारखा आहेत. शहराचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आणि ज्या बराकीत ते बारा जण होते तिला ‘नेता कक्ष’ म्हणतात.